रतामाच्या झुडपाखालची भाकर

प्रिय मुलीस,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझे पत्र मिळाले आणि मी ते दोनदा वाचले. आयसीयूतल्या सलग नाइट ड्यूट्या, एकाच आठवड्यात डोळ्यांदेखत गेलेले तीन रुग्ण, खोलीवर आल्यावरही कानात वाजत राहणारा मॉनिटर, हे सारे तू फार संयमाने लिहिले आहेस. पण तुला खरे टोचते आहे ते शेवटच्या चार ओळींत आहे. प्रार्थनेला बसले की शब्दच येत नाहीत, आणि चर्चच्या मंडळीतल्या कुणीतरी "विश्वास कमी पडतोय" असे म्हटल्यापासून स्वतःचीच लाज वाटते, असे तू लिहितेस. त्या वाक्याचे ओझे आधी उतरवून ठेव. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसेल, पण जे बोलले गेले ते शास्त्राला धरून नाही, असे मी चौतीस वर्षे वॉर्डात काढलेली बाई म्हणून आणि त्याहून अधिक वर्षे पवित्र शास्त्र वाचणारी म्हणून तुला ठामपणे सांगते.

पहिल्या राजांच्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय काढ. कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या संदेष्ट्यांवर एवढा मोठा विजय पाहिलेला एलिया संदेष्टा ईजबेल राणीच्या एका धमकीने जीव घेऊन पळतो, बैर-शेबा येथे आपल्या चाकराला मागे ठेवतो, एकटाच दिवसभराची वाट चालून रानात जातो आणि रतामाच्या झुडपाखाली बसून देवाजवळ मरण मागतो. हा अविश्वासी माणूस नव्हे, थकलेला माणूस आहे. थकलेला माणूस सर्वांत आधी सोबत सोडतो, हे त्या चाकराच्या उल्लेखातून शास्त्र किती नेमके दाखवते! आता पुढे काय होते ते सावकाश वाच, कारण माझा सारा धीर त्या तीन-चार वचनांवर उभा आहे. देवदूत येतो तो उपदेश करत नाही, तुझा विश्वास कुठे गेला असे विचारत नाही. तो एलियाला हात लावून उठवतो आणि खायला सांगतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवलेले असते. एलिया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो, आणि देवदूत त्याला झोपू देतो. मग दुसऱ्यांदा येऊन पुन्हा खायला सांगतो, कारण पुढची वाट त्याच्या शक्तीबाहेरची आहे. होरेब डोंगरावरचा वारा, भूकंप, अग्नी आणि त्यानंतरची देवाची ती मंद वाणी हे सगळे नंतरचे आहे. देवाने आधी भाकर दिली, झोप दिली आणि मग तो बोलला.

म्हणून तुझ्या पत्राला माझे पहिले उत्तर असे की, सकाळी हँडओव्हर देऊन खोलीवर आलीस की गरम काही खा, खिडकीला जाड पडदा लाव, फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि झोप. या झोपेला प्रार्थना चुकवणे समजू नकोस. तुझ्या वयात मी समजत असे.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी मुलांच्या वॉर्डात होते. उन्हाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली होती आणि एका पहाटे चार वर्षांचा एक मुलगा आमच्या हातून गेला. त्याचे आईवडील त्याला घेऊन गेल्यावरही मी त्या रिकाम्या कॉटची चादर पुन्हा पुन्हा ताणत राहिले, कोपरा दुमडायचा, उलगडायचा, परत दुमडायचा. माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या एक सिस्टर आल्या, त्यांनी माझ्या हातातून चादर काढून घेतली, मला ड्यूटी रूममध्ये बसवले आणि चहाचा पेला माझ्या दोन्ही हातांत धरायला दिला. मी म्हटले, मला प्रार्थना करवत नाही. त्या म्हणाल्या, "तू नको करूस. आज तुझ्या वतीने मी करते." त्यांनी तेविसावे स्तोत्र म्हटले, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही," आणि मी नुसती ऐकत राहिले. आमेनसुद्धा त्यांनीच म्हटले. त्या पहाटे मला उत्तर मिळाले नाही, ते मूल का गेले हे मला आजही ठाऊक नाही. पण आपल्या तोंडून शब्द निघत नसताना आपल्यासाठी कुणीतरी बोलत असते, आणि मंडळी म्हणतात ती हीच, एवढे मला तेव्हा कळले.

रुग्णाच्या नातेवाइकांना किंवा स्वतःला "देवाची इच्छा" असे घाईने सांगू नकोस. आपला मेलेला मित्र लाजर याला आपण उठवणार आहोत हे ठाऊक असूनही प्रभू येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. धरला जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने पेत्र, याकोब आणि योहान या शिष्यांना आपल्याबरोबर जागे राहायला सांगितले, आणि ते झोपी गेले. ज्याला स्वतः सोबतीची गरज वाटली, त्याच्यापुढे तुझी गरज लपवण्याचे कारण काय? स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रे तक्रारीचीच आहेत. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही, तरीही ते शास्त्रात राखले गेले. ज्या दिवशी स्तुती जमणार नाही त्या दिवशी ते वाच. तेही देवालाच उद्देशून म्हटलेले आहे.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य या दृष्टीने मला फार जवळचे वाटते. तरुणपणीच दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली, १८८० साली भाऊ, १८८२ साली पती, आणि १९२१ साली, निराधार स्त्रियांसाठी चालवलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनच्या कामात उजवा हात झालेली एकुलती एक मुलगी मनोरमा. त्या वेळी रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराचे काम करीत होत्या आणि पुढच्याच वर्षी त्या स्वतः गेल्या. भाषांतर १९२४ साली छापून आले. त्यांचे दुःख हलके झाले होते असे मी म्हणणार नाही. रोज समोर असलेले पान त्यांनी धरून ठेवले आणि त्या पानाने त्यांना धरून ठेवले, असे मला वाटते.

तुझ्याजवळ पान धरायला वेळ नाही हे मी जाणते. पण हात तर तू एका ड्यूटीत कितीदा तरी धुतेस. साबणाने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात आणि प्रभूची प्रार्थना सावकाश म्हटली तर तेवढ्या वेळात बसते. तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखे, आणि त्याबरोबर "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे." महिन्याची भाकर मागायला प्रभूने शिकवले नाही, आजचीच मागायला शिकवले. शिवाय ती "मला" नसून "आम्हांला" आहे, त्यामुळे नळाशी एकटी उभी असतानाही तू ती एकटी म्हणत नसतेस.

आणखी एक गोष्ट लाज न बाळगता कर. झोप येतच नसेल, छातीत धडधडत असेल किंवा जगणे नको असे मनात आले, तर डॉक्टरांना दाखव. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोन सेवा २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतूनही बोलता येते. मधुमेहाच्या रुग्णाला तू इन्शुलिन देतेस तेव्हा त्याच्या विश्वासाबद्दल शंका घेत नाहीस, मग स्वतःच्या उपचाराबद्दल का घ्यावी?

या रविवारी तुझा ऑफ आहे असे लिहिले आहेस. शनिवारी रात्रीच ये. बाजरीची भाकरी आणि पिठले करीन, आतल्या खोलीत तुझे अंथरूण घालीन आणि सकाळी तुला कुणी उठवणार नाही. उपासना साडेनऊला असते. जाग आली तर दोघी मिळून जाऊ, नाही आली तर मी एकटी जाऊन येईन आणि तुझे नाव घेईन.

तुझी,
मावशी