फिटरला विचारा : जुनी विमानं, महाग तिकिटं

प्रश्न : काका, माझा नातू इंग्लंडमध्ये शिकतो. यंदा त्याने आम्हा दोघांना डक्सफर्डला जुन्या लढाऊ विमानांचा शो दाखवला. स्पिटफायर डोक्यावरून गेलं तेव्हा अंगावर काटा आला, पण तिकीट माणशी पन्नासेक पौंड! लहानपणी आम्ही लोहगावला हवाई दलाच्या कसरती बघायला सायकली हाणत जायचो, एक पैसा पडत नसे. पेट्रोल महागलं हे समजतं, पण म्हणून इतकं? *(एक वाचक, कोथरूड)*

उत्तर : पेट्रोलचा हिशेब आधी उरकून टाकू, म्हणजे ते बिचारं सुटेल.

स्पिटफायरचं मर्लिन इंजिन बारा सिलेंडरचं, सत्तावीस लिटरचं. साध्या वेगाने जाताना ते तासाला दोनशे लिटरच्या आसपास पितं. येणं-जाणं आणि दहा मिनिटांच्या कसरती धरून शंभर-सव्वाशे लिटर लागतील. तिकडे विमानाचं पेट्रोल दोन पौंडांच्या वर लिटर आहे असं धरा. म्हणजे त्या विमानाचं दिवसभराचं पेट्रोल तुमच्यासारख्या पाच-सहा जणांच्या तिकिटात निघालं. तुमच्याबरोबर मैदानावर हजारो माणसं होती. मग बाकीचा पैसा गेला कुठे?

आता तुमचं लोहगाव. ते फुकट नव्हतं हो. पैसे आधीच भरलेले होते, तुमच्या वडिलांनी, करातून. विमान सरकारचं, धावपट्टी सरकारची, वैमानिक पगारी आणि आम्ही, म्हणजे विमानं दुरुस्त करणारे हवाई दलातले एअरमनही पगारी. शोच्या आधी चार दिवस आम्ही रात्री अकरापर्यंत हँगरमध्ये असायचो. ओव्हरटाइम हा शब्द कधी ऐकला नाही. तो खर्च वेगळा काढून कोणी लिहिलाच नाही, म्हणून तुम्हाला तो दिसला नाही.

दुसरी गोष्ट जास्त मोठी आहे, आणि ती मी माझ्या हाताने अनुभवली आहे. १९७४-७५च्या सुमारास मी आसामात डाकोटावर होतो, म्हणजे माणसं आणि माल नेणाऱ्या, दुसऱ्या महायुद्धातल्या विमानावर. डाकोटाला दोन इंजिनं, प्रत्येकी चौदा सिलेंडर, सात-सातच्या दोन ओळींत. एकदा सिलेंडर बदलायचा होता. स्टोअरमधून लाकडी पेटी आली, बाजूला छापलेलं साल १९४४. आत मेणकागद, त्याच्या आत घट्ट काळपट ग्रीज, आणि त्याच्या आत कोरा करकरीत सिलेंडर. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा! केरोसीनने धुतला, बसवला, दुसऱ्या दिवशी विमान उडालं. किंमत विचारायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. युद्धात इतका माल बनून पडला होता की पुढची तीस-चाळीस वर्षं सगळं जग त्यावर जगलं. अमेरिकेतली, इंग्लंडमधली हौशी मंडळीसुद्धा त्याच पेट्या भंगाराच्या भावात उचलत होती. जुन्या विमानांचे शो स्वस्तात झाले ते त्या कोठारावर.

ते कोठार आता संपत आलंय.

डाकोटाचं त्यातल्या त्यात बरं, कारण ती दहा हजारांच्या वर बनली होती, सुटे भाग अजून कुठेकुठे निघतात. ज्या विमानाचे जगात दोनच नग उरलेत त्याचं काय? भाग नव्याने बनवावा लागतो. तुम्ही म्हणाल, त्यात काय, भोसरीतला टर्नर अर्ध्या दिवसात बुश (दांड्यावर बसणारी धातूची नळी) काढून देईल. देईल की! मीही त्याच्याकडूनच काढून घेतला असता. पण तो बुश विमानात बसवायला धातू कुठला, त्याचा दाखला कुठे, मूळ ड्रॉइंग कोणाकडे, तपासलं कोणी, सही कोणाची, हे सगळं लागतं. वीस नगांना जेवढा कागद लागतो तेवढाच एका नगाला. फक्त वीस नगांत तो वाटला जातो, एका नगाच्या उरावर सगळा बसतो.

व्हल्कन नावाचं ब्रिटिश बॉम्बर होतं, त्रिकोणी पंखांचं. लोकवर्गणीतून त्यातलं एक, एक्सएच ५५८, पुन्हा उडवलं. वर्षाला वीस लाख पौंडांच्या आसपास खर्च यायचा आणि लोक तो देतही होते. तरी २०१५च्या ऑक्टोबरात ते शेवटचं उडालं. कारण ज्या कंपन्या त्याच्या तांत्रिक बाजूची जबाबदारी घेत होत्या त्यांनी पुढे घ्यायला नकार दिला. ते विमान जाणणारी माणसं निवृत्त झाली होती. अशा वेळी पैसा टेबलावर पडून राहतो आणि विमान जमिनीवर.

माणसांचंही तेच. मॅग्नेटोचं (इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्राचं) टायमिंग कानाने सांगणारे, कापडी पंखाला डोप (कापड ताठ करणारा लेप) लावणारे, लाकडी फासळी हाताने जोडणारे आता किती? टायगर मॉथ या वैमानिकांना शिकवायच्या जुन्या विमानाचा पंख म्हणजे निम्मं सुतारकाम आणि निम्मं शिवणकाम. मी शिकलो तेव्हा शिकवणारा वॉरंट ऑफिसर पगारी होता आणि शिव्या फुकट होत्या. आज असा माणूस तासावर पैसे घेतो, आणि घ्यावेत. तुमच्या त्या दहा मिनिटांमागे हँगरमध्ये कित्येक माणसांचे कित्येक दिवस गेलेले असतात.

पेट्रोलची एक गोम मात्र सांगायला हवी, भाव सोडून. ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलवर चालतात. तुमच्या स्कूटरच्या पेट्रोलमधलं शिसं २००० साली गेलं, विमानाच्या पेट्रोलमध्ये ते अजून आहे. ते शिसं पेट्रोलसाठी तयार करणारा कारखाना आता इंग्लंडात एकच उरलाय आणि युरोपने २०२५च्या मे महिन्यापासून त्यावर निर्बंध आणलेत. आपल्याकडे हे पेट्रोल आयात व्हायचं, २०२२ पासून इंडियन ऑइल बडोद्याला बनवू लागली, ही त्यातली चांगली बातमी.

आता खरा घाव. २२ ऑगस्ट २०१५ला इंग्लंडमध्ये शोरहॅमच्या शोमध्ये एक जुनं हंटर जेट गिरकी पुरी न होता शेजारच्या हमरस्त्यावर कोसळलं. अकरा माणसं गेली. वैमानिक वाचला. हंटर आपल्याही हवाई दलात होतं, त्यामुळे बातमी ऐकून मी दोन दिवस नीट जेवलो नाही. लक्षात घ्या, ही माणसं तिकीट काढून आत बसलेली नव्हती, रस्त्यावरून जात होती. त्यानंतर तिथल्या हवाई प्राधिकरणाने नियम आवळले, परवानगीचं शुल्क वाढवलं. कुंपणाबाहेरचे रस्ते, टेकड्या, फुकट बघायला जमणारी गर्दी, यांचाही विचार आयोजकाला करावा लागू लागला. काही लहान शो बंदच पडले.

शोच्या धंद्याची अडचण बघा. आकाशाला कुंपण घालता येत नाही. आमच्या धानोरीत लग्नाचे फटाके उडाले की सगळी गल्ली गच्चीत येते, आहेर मात्र कोणी करत नाही. शोचंही तसंच. निम्मे लोक बाहेरून बघतात, त्यांच्या जिवाची काळजी मात्र आत तिकीट काढलेल्यांच्या पैशातून. तुमच्या पन्नास पौंडांत त्यांचाही वाटा होता.

अमेरिकेतही असंच झालं. २०१९च्या ऑक्टोबरात तिकीट घेऊन लोकांना फिरवणारं एक बी-१७ बॉम्बर पडलं, सात जण गेले. २०२२च्या नोव्हेंबरात डॅलसला शो चालू असताना दोन जुनी विमानं हवेत आदळली, सहा गेले. विमा कंपनी हे सगळं मोजून ठेवते. विम्याचा हप्ता विमान उडो न उडो भरावा लागतो. आणि ऐन शोच्या दिवशी पाऊस आला तर ढगांना कोण बिल पाठवणार?

प्रश्न : आम्ही काही मित्र जुन्या मोटारींच्या रॅली भरवतो. पुण्यात जुन्या विमानांचा शो भरवायचा म्हटलं तर किती खर्च येईल? प्रायोजक मिळवून देण्याची तयारी आहे. *(एक वाचक, सहकारनगर)*

उत्तर : तुमच्या उत्साहाला नमस्कार. आकडा मी सांगणार नाही, कारण आकड्याआधी जागा लागते आणि तिथेच गाडी अडते.

लोहगाव हवाई दलाचं. नागरी विमानतळ त्यांच्या धावपट्टीवर चालतो आणि धावपट्टी एकच. २०२१च्या ऑक्टोबरात दुरुस्तीसाठी ती चौदा दिवस बंद ठेवली तेव्हा गावाची किती तारांबळ उडाली ते आठवा. तुमच्या शोसाठी दोन तास मागून बघा, उत्तर मला कळवा. हडपसरचं ग्लायडिंग सेंटर आहे, पण त्याला आता सगळीकडून इमारतींनी घेरलंय. शोरहॅमनंतर तिथे कसरतीचं नावही काढू नये. पुरंदरचं विमानतळ येईल तेव्हा येईल. बारामतीचा विचार करता येईल, पण तिथवर लोक न्यायचे, उन्हात त्यांना पाणी द्यायचं, अँब्युलन्स, अग्निशमन... ६ ऑक्टोबर २०२४ला चेन्नईच्या मरीनावर हवाई दलाच्या कसरती बघायला लोटलेल्या गर्दीत पाच माणसं दगावली. वर विमानांना काही झालं नव्हतं. खाली ऊन आणि गर्दी होती.

जागा मिळाली तरी विमानं कुठली? आपल्याकडे उडणारी जुनी विमानं म्हणजे मुख्यतः हवाई दलाची व्हिंटेज फ्लाइट, म्हणजे जुन्या विमानांची तुकडी : टायगर मॉथ, हार्वर्ड (हेही शिकाऊ वैमानिकांचंच), डाकोटा. ती भाड्याने मिळत नाहीत. डाकोटाची गोष्ट मात्र ऐका. राजीव चंद्रशेखर यांनी ती इंग्लंडमध्ये दुरुस्त करवून हवाई दलाला भेट दिली, त्यांचे वडील डाकोटा चालवायचे. २०१८मध्ये ती टप्प्याटप्प्याने उडत जामनगरला उतरली. नाव परशुराम, नंबर व्हीपी ९०५, म्हणजे २७ ऑक्टोबर १९४७ला श्रीनगरला आपल्या सैन्याची पहिली तुकडी नेणाऱ्या डाकोटाचा. एका माणसाने खिशातून एवढं करायचं आणि पुढचं रोजचं पोसणं हवाई दलाने, तेव्हा कुठे एक विमान उडतं.

मोटारीची उपमा मनातून काढा. तुमची मॉरिस स्वारगेटला बंद पडली तर चार जण ढकलून कडेला लावतात. वर कडा नसते.

एक स्वस्त तोड सुचवतो. टायगर मॉथचं जिप्सी मेजर इंजिन कुठे मिळालं तर ते ट्रॉलीवर पक्कं बांधा आणि मैदानात चालू करून दाखवा. पंख्याभोवती मजबूत जाळी आणि लोक लांब. चार सिलेंडर, १३० अश्वशक्ती, तासाला तीसेक लिटर. तो धूर, तो वास, हाताने पंखा ओढल्यावर पहिला ठोका पडतो तो क्षण, मुलं विसरणार नाहीत. मी येईन चालू करायला, भाडं नको, चहा चालेल. पण चाकांखाली ओंडके लावा! २००९मध्ये इंग्लंडात ब्रंटिंगथॉर्पला एक जुनं व्हिक्टर बॉम्बर नुसतं धावपट्टीवर पळवून दाखवायचं होतं, ते चक्क उडालं. सुदैवाने कसंबसं परत टेकलं.

प्रश्न : इतका पैसा आणि जीव जात असेल तर ही विमानं संग्रहालयात का ठेवत नाहीत? *(एक वाचक, येरवडा)*

उत्तर : बरीचशी ठेवावीतच, असं माझं मत झालंय. माझे जुने सहकारी यावरून माझ्याशी भांडतात. ज्याचा एकच नग उरलाय ते उडवू नये. टायगर मॉथ, हार्वर्ड, डाकोटा उडवावीत, त्यांचे भाग मिळतात आणि शिकवणारे अजून जिवंत आहेत.

तुम्ही येरवड्याचे, म्हणून सांगतो. मी तिथेच वाढलो. चार इंजिनांची लिबरेटर बॉम्बर घरावरून जायची, समुद्रावर टेहळणी करायला. आजी दळण थांबवून वर बघायची. युद्धानंतर कानपूरला भंगारात काढलेली ही विमानं हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी पुन्हा उभी केली होती. १९६८च्या अखेरीस ती निवृत्त झाली. पुढे त्यातली काही परदेशी गेली, एक अमेरिकेत पुन्हा उडू लागलं. आपण भंगारातून उचललेलं विमान बघायला तिकडे लोक रांगा लावतात, याचं मला हसूही येतं आणि रागही.

प्रश्न : आजोबा, जुन्या विमानात एरंडेल तेल घालायचे हे खरं आहे का? आणि टायगर मॉथ कुठे बघायला मिळेल? *(इयत्ता सातवी, धानोरी)*

उत्तर : खरं आहे. पहिल्या महायुद्धातल्या विमानांत पंख्याबरोबर अख्खं इंजिनच गरगर फिरायचं. त्यात एरंडेल घालत, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळत नाही. जळून उरलेलं तेल मागे बसलेल्या वैमानिकाच्या तोंडावर उडायचं. थोडं पोटातही जायचं, पुढचं तू आजीला विचार. इंग्लंडमधल्या शटलवर्थ संग्रहात १९०९चं ब्लेरिओ अजून थोडंसं उडवतात, वारा अगदी पडलेला असला तरच.

टायगर मॉथ ८ ऑक्टोबरच्या हवाई दल दिनाच्या सुमारास कधीकधी उडतं. उभी असलेली जुनी विमानं दिल्लीला पालमच्या संग्रहालयात आहेत, तिथे स्पिटफायरसुद्धा आहे. जाण्याआधी कोणत्या वारी बंद असतं ते विचारून घे. मी न विचारता गेलो होतो आणि रिक्षाचे पैसे वाया घालवून आलो.