नाइट ड्युटीचं पहिलं वर्ष

पोरी, सलग सहावी नाइट करून राहिली तू, अन् काल पेशंटच्या नातेवाइकावर खेकसलीस. जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटला (कामानं पार थकून विझून जाण्याला) आजार म्हणत नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणते. म्हणजे दोष एकटीचा नाही. तिसऱ्या वर्षी मी हँडओव्हर देताना बेड नंबर विसरले अन् बाथरूममध्ये नळ सोडून रडले. इन्चार्ज सिस्टरला सांगितलं नाही, तिथंच चुकलं. तू सांग. ड्युटी सुटली की तर्री-पोहे खा (तर्री कमी, नाइटनंतर छाती जळते), खिडकीला जाड पडदा, कूलर सुरू, मोबाइल दुसऱ्या खोलीत. मे महिन्यात नागपूर दिवसा झोपू देत नाही. फारच जड झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लाव. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात.