पोरगं सारखं बाहेरच खेळते, अभ्यासाला बसवू का?

सहा वर्षांचं आहे म्हणता, तर पळू द्या त्याला. आमच्याकडं कडुलिंबाखाली पोट्टे इट्टीदांडू खेळतात, इट्टी कुठवर गेली ते दांडूनं मोजत जातात, अन् एकानं सत्तावीसचे एकोणतीस केले की जे भांडण पेटते नं, ते मिटेपर्यंत सगळ्यांचं मोजणं पक्कं होऊन जाते. हेच पाटीवर करायला आमचं पोरगं रडत होतं.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या पोरांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल सांगते, अन् बाहेरच्या उजेडात राहिलं की लवकर चष्मा लागायचा धोकाही कमी होतो (मोबाईल हातात देऊन बसवणाऱ्यांनी हे ऐकाच).

फक्त मे महिन्यात आपल्या इकडं पारा ४५ ला टेकते, तेव्हा दुपारभर घरात, संध्याकाळी सोडा. पावसाळ्यात धुऱ्यावरच्या गवतात अनवाणी नको, साप-विंचू असतात. गुडघे फुटतीलच, साबणपाण्यानं धुवा.

काल आमचा एकाच चपलेनं घरी आला, दुसरी कुठाय विचारलं तर म्हणे इट्टी पडली तिथं खूण म्हणून ठेवली.