२५ फ्रेमच्या देशातून २९.९७ च्या देशात: बॅगेत काय घ्यायचं आणि कोणते आकडे बदलतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टीव्हीच्या प्लेआउट (कार्यक्रम प्रक्षेपणात सोडणं) आणि स्टुडिओ मेंटेनन्समध्ये आठ-दहा वर्षं झाली, तीन महिन्यांत अमेरिकेला किंवा कॅनडाला निघायचं आहे. हत्यारांची पेटी बरोबर न्यावी का, लॅपटॉपवर काय टाकून ठेवावं, आणि आयटीची कितपत तयारी लागेल?

पेटीची काळजी सोडा. जड हत्यारं, स्कोप (सिग्नलचा आकार दाखवणारं यंत्र), फायबरचे मीटर हे सगळं कामाच्या जागी असतं. नवा माणूस इथे, म्हणजे अमेरिका-कॅनडात, अडतो तो हत्यारावाचून नाही, ५० हर्ट्झच्या सवयीमुळे अडतो (आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आणि चित्र सेकंदाला २५ फ्रेमचं, इथे ६० आणि २९.९७). काही आकडे आपल्या हातात इतके मुरलेले असतात की ते आपण तपासतही नाही, आणि नेमके तेच इथे वेगळे आहेत.

तरी बॅगेचं आधी उरकू या. न्यायच्या वस्तू लहान आहेत: बीएनसी (व्हिडिओ केबलचा गोल कनेक्टर) काढायचं लांब दांड्याचं टूल (व्हिडिओ राउटरच्या पाठीमागे बोटं जातच नाहीत), यूएसबी-सीरियल अ‍ॅडॅप्टर, नल-मोडेम अ‍ॅडॅप्टर, स्विचच्या कन्सोलसाठी रोलओव्हर केबल, चांगला हेडलॅम्प, बारीक स्क्रू ड्रायव्हरचा संच आणि फायबर साफ करायचा क्लिक-पेन. पेन १.२५ मिलिमीटरचा घ्या, तो एलसी कनेक्टरला लागतो. एससी आणि एसटीला २.५ चा. अ‍ॅलन की मात्र इथे येऊनच घ्या, कारण मिलिमीटरबरोबर इंचाचाही संच लागणार आहे. रॅकचे स्क्रूही वेगळे: आपल्याकडे एम-६ आणि केज नटची सवय असते, इथल्या पुष्कळ रॅकमध्ये १०-३२ किंवा १२-२४ चे आटे असतात. आपला मेट्रिक स्क्रू इथल्या भोकात जोर लावून फिरवू नका, आटे जातात आणि पट्टी बदलावी लागते.

क्रिंपिंग टूल (केबलवर कनेक्टर दाबून बसवायचं) न्यायचा मोह होईल. नेलंत तरी चालेल, पण डाय (त्या टूलचा दाबायचा साचा) तुमचा आणि कनेक्टर इथला असं करू नका. केबल, कनेक्टर आणि डाय हे त्रिकूट कनेक्टर बनवणाऱ्याने सांगितलेलंच हवं. बेल्डनची १६९४ए ही आरजी-६ जातीची, १५०५ए आरजी-५९ जातीची, १८५५ए त्याहून बारीक. तिन्हींचे बीएनसी वेगळे. डाय एका मापाने मोठा असेल तर फेरूल (कनेक्टरची दाबायची नळी) वरून बसल्यासारखा दिसतो, मल्टिमीटर कंटिन्युइटी दाखवतो, आणि रॅकचं दार लावताना केबल हलली की चित्र जातं. मल्टिमीटरला इम्पीडन्स (बदलत्या सिग्नलला लाइनचा विरोध, ओहममध्ये) कळत नाही हे कायम लक्षात ठेवा. ५० ओहमचा बीएनसी ७५ ओहमच्या लाइनमध्ये घुसलेला असाच सुटतो. तो डोळ्यांनी ओळखता येतो: ५० ओहमच्या कनेक्टरमध्ये मधल्या पिनभोवती पांढऱ्या डायइलेक्ट्रिकचं नळकांडं दिसतं, ७५ च्या बहुतेक कनेक्टरमध्ये तिथे मोकळी हवा असते. २७० मेगाबिटच्या एसडीला तो चालून जातो, १.४८५ गिगाबिटच्या एचडीला कधी चालतो कधी नाही, आणि ११.८८ गिगाबिटच्या १२जी-ला आडवा येतो. एसडीआयचं (या केबलवरून जाणारा डिजिटल व्हिडिओ) चित्र हळूहळू बिघडत नाही. सीआरसीच्या (डेटा नीट पोचला का ते तपासणारा आकडा) चुका वाढत जातात, चित्र स्वच्छ दिसत राहतं, आणि केबल आणखी दोन-चार मीटर लांबली की एकदम अंधार. म्हणून चित्र आलं म्हणून लाइन पास करू नका, सीआरसीचा काउंटर शून्य करून दहा-पंधरा मिनिटं बघा.

विमानात: पक्कड, कटर, स्क्रू ड्रायव्हर चेक-इन बॅगेत. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेत, १०० वॅट-अवरपर्यंत परवानगीची गरज नसते, ३.७ व्होल्टच्या सेलवर २७,००० एमएएच म्हणजे जवळपास तेवढंच. आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली, काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे, गॅसवरचा सोल्डरिंग आयर्न यांतलं काही घेऊ नका. विजेचा आयर्नही २३० व्होल्टचा असेल तर ठेवून या. १२० व्होल्टवर त्याची ताकद चौथाईवर येते (१२० भागिले २३०, त्याचा वर्ग, म्हणजे ०.२७) आणि कथील वितळायचं नाव घेत नाही. ज्या अ‍ॅडॅप्टरवर १००–२४० लिहिलेलं आहे ते सगळे चालतात, फक्त पिन बदला. वॉकी-टॉकी आणि वायरलेस माइक आणू नका. फ्रिक्वेन्सीचे नियम वेगळे आहेत, आणि अमेरिकेत ६०० मेगाहर्ट्झ पट्ट्याचा बहुतांश भाग जुलै २०२० पासून वायरलेस माइकसाठी बंद आहे. जुन्या नोकरीतल्या कॉन्फिगरेशन फायली, लायसन्सचे डाँगल, नेटवर्कचे नकाशे यांतलंही काही बरोबर नको. ते तुमचं नाही.

आता जी गोष्ट जिवावर बेतू शकते ती. आपल्याकडच्या वायरिंगमध्ये काळी वायर म्हणजे न्यूट्रल हे डोळ्यांत बसलेलं असतं. इथे काळी म्हणजे लाइव्ह, पांढरी न्यूट्रल, हिरवी किंवा उघडी तांब्याची अर्थ. रॅकच्या आतल्या पीडीयूपर्यंतच (वीज वाटणारी पट्टी) हात घाला, भिंतीतलं आणि पॅनेलमधलं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं. तुमच्याकडे मल्टिमीटर मात्र कॅट-३ दर्जाचा असू द्या. लोडचं गणितही बदलतं. १२० व्होल्ट, २० अँपिअरच्या सर्किटवर सतत चालणारा भार ८० टक्क्यांपर्यंतच ठेवतात, म्हणजे १६ अँपिअर, म्हणजे १,९२० वॅट. २३० व्होल्टवर १६ अँपिअरला ३,६८० वॅट मिळायचे. तोच रॅक इथे एका सर्किटवर मावत नाही, म्हणून मोठ्या रॅकना २०८ व्होल्ट दिलेलं दिसेल. ड्युअल पॉवर सप्लायच्या मशीनमध्ये प्रत्येक बाजूचा भार निम्म्याच्या आत आहे ना ते बघा, नाहीतर एक बाजू गेली की सगळा भार दुसऱ्या बाजूवर येऊन तिचाही ब्रेकर पडतो.

फ्रेम रेट. २९.९७ हा सोयीचा आकडा आहे, खरा आकडा ३०,००० भागिले १,००१. टाइमकोड (प्रत्येक फ्रेमला दिलेला तास-मिनिट-सेकंद-फ्रेम असा नंबर) मात्र ३० च्या हिशेबाने मोजला जातो, म्हणून तासाला १०८ फ्रेमचा, म्हणजे ३.६ सेकंदांचा फरक पडतो. हा फरक भरून काढणाऱ्या ड्रॉप-फ्रेम टाइमकोडमध्ये चित्राची एकही फ्रेम टाकली जात नाही, फक्त नंबर गाळले जातात: दर मिनिटाला ०० आणि ०१ हे दोन नंबर, पण दर दहाव्या मिनिटाला नाही. तासात ५४ वेळा दोन, म्हणजे १०८. लिहिताना ड्रॉप-फ्रेममध्ये शेवटी अर्धविराम असतो, नॉन-ड्रॉपमध्ये कोलन. ही खूण वाचायची सवय आजच लावा. एखाद्या प्रोमोची सूचना नॉन-ड्रॉपमध्ये आणि प्लेलिस्ट ड्रॉपमध्ये असेल तर तासाभराच्या कार्यक्रमात शेवटचा ब्रेक साडेतीन सेकंद चुकतो, आणि सगळे सिंक शोधत बसतात. इतकं करूनही ड्रॉप-फ्रेम दिवसाला सुमारे ८६ मिलिसेकंद सरकतो; म्हणून मास्टर क्लॉक दिवसातून एकदा, शांत वेळी, टाइमकोड पुन्हा घड्याळाला जुळवतं. त्या क्षणी टाइमकोडमध्ये उडी दिसली तर तो बिघाड समजू नका.

फाइल आली की आधी मीडियाइन्फो किंवा एफएफप्रोबमध्ये उघडा. २९.९७०, ३०.०००, २३.९७६, २५ हे चार आकडे वेगळे वाचा. बरोबर ३०.००० ची फाइल २९.९७ समजून चालवली की आवाज आणि चित्र तासाला तेवढेच ३.६ सेकंद फाकतात. २५ ची फाइल इथे वेग बदलून चालवता येत नाही, मोशन-कॉम्पेन्सेटेड कन्व्हर्टरमधूनच काढावी लागते.

आवाजात दोन सापळे आहेत. लाउडनेस (कानाला जाणवणारा सरासरी आवाज): युरोपच्या आर-१२८ मानकात उणे २३ एलयूएफएस, ट्रू पीक उणे १, इथल्या ए/८५ मध्ये उणे २४ एलकेएफएस, ट्रू पीक उणे २. एलयूएफएस आणि एलकेएफएस हे एकच माप आहे, नावं दोन. जाहिरातींच्या आवाजाबद्दल अमेरिकेत २०१० चा काम (CALM) अ‍ॅक्ट आहे, त्यामुळे हा हिशेब इथे गांभीर्याने घेतात. दुसरा सापळा जास्त फसवतो. ईबीयूच्या (युरोपच्या प्रसारकांची संघटना) पद्धतीत उणे १८ डीबीएफएस (डिजिटल पातळी) म्हणजे ० डीबीयू (तारेवरची पातळी), इथे उणे २० डीबीएफएस म्हणजे अधिक ४ डीबीयू. म्हणजे फुल स्केल (डिजिटलची कमाल पातळी) एकीकडे अधिक १८ वर, दुसरीकडे अधिक २४ वर. एका पद्धतीचं मशीन दुसऱ्या पद्धतीच्या अ‍ॅनालॉग इनपुटला जोडलं की सरळ ६ डीबीची गफलत.

ब्लॅक बर्स्टही (सगळ्या मशीनना एका तालात ठेवणारा सिग्नल) थोडा निराळा: आपल्याकडच्या पालमध्ये सिंक ३०० मिलिव्होल्ट, इथल्या एनटीएससीत २८६. इतक्या फरकाने काही अडत नाही, टर्मिनेशनने अडतं. लूप-थ्रूच्या (एका मशीनमधून पुढच्या मशीनला नेलेली साखळी) शेवटच्या मशीनवरच ७५ ओहमचा टर्मिनेटर (लाइन संपवणारा रोधक) हवा. स्कोपवर सिंक दुप्पट दिसला तर टर्मिनेटर नाही, दोन-तृतीयांश, म्हणजे १९० च्या आसपास दिसला तर दोन आहेत. बहुतेक वेळा दुसरा एखाद्या मशीनच्या मेन्यूत चालू राहिलेला असतो.

घड्याळ बदलणं आपल्याला माहीतच नसतं, म्हणून यावर थोडं थांबतो. अमेरिकेत आणि कॅनडाच्या बहुतेक भागांत मार्चच्या दुसऱ्या रविवारी रात्री २ चे ३ होतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी २ चा पुन्हा १ होतो. मार्चमधला तो दिवस २३ तासांचा, नोव्हेंबरमधला २५ तासांचा. नोव्हेंबरमध्ये १ ते २ ही वेळ दोनदा येते. ऑटोमेशनला "१:३० ला रेकॉर्ड" सांगितलं असेल तर कोणत्या १:३० ला? उत्तर प्रत्येक प्रणालीचं वेगळं असतं, म्हणून त्या रात्रीची प्लेलिस्ट वेळेवर न लावता एकामागून एक चालेल अशी लावा आणि लॉग यूटीसीत (कधी न बदलणारी जागतिक प्रमाणवेळ) ठेवा. युरोप मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतो, त्यामुळे मधल्या काही आठवड्यांत लंडनशी फरक एक तासाने वेगळा असतो. फीडचं बुकिंग नेहमी यूटीसीत करा. अ‍ॅरिझोनाचा बहुतांश भाग आणि सस्कॅचवान घड्याळ बदलतच नाहीत, तेही ध्यानात असू द्या.

आयटीचं कितपत? नव्या ठिकाणी एसटी २११० (व्हिडिओ-ऑडिओ आयपी नेटवर्कवरून नेण्याचं मानक) भेटण्याची तयारी ठेवा. १०८० पी ५९.९४ चं अनकॉम्प्रेस्ड, १० बिट ४:२:२ चित्र सुमारे २.५ गिगाबिट घेतं, म्हणून लॅपटॉपच्या १ गिगाबिट पोर्टवर वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट पकडून दाखवणारा प्रोग्रॅम) लावून व्हिडिओ तपासायचा विचार सोडून द्या. तिथे ऑडिओ, पीटीपी (नेटवर्कवरून घड्याळं जुळवणारा प्रोटोकॉल) आणि आयजीएमपी (कोणाला कोणता स्ट्रीम हवा ते कळवणारा) बघा. यूएसबीच्या नेटवर्क अ‍ॅडॅप्टरवर मायक्रोसेकंदांच्या वेळांवरही भरवसा नको, आणि विंडोजवर अनेक ड्रायव्हर व्हीलॅनचा (नेटवर्कचा उपविभाग) टॅग कॅप्चरपर्यंत पोचूच देत नाहीत.

पीटीपीत डोमेन (घड्याळांच्या गटाचा नंबर) आधी बघा: एसटी २०५९-२ (व्हिडिओचं मानक) चं मूळ डोमेन १२७, एईएस-६७ (ऑडिओचं) चं ०. दोन मशीन एकमेकांना ओळखतच नसतील तर बऱ्याचदा कारण एवढंच असतं. नंतर प्रायॉरिटी. सगळ्यांची १२८ ठेवली की एखादा ऑडिओ बॉक्ससुद्धा ग्रँडमास्टर (बाकीच्यांना वेळ देणारं मुख्य घड्याळ) होऊ शकतो, म्हणून खऱ्या ग्रँडमास्टरची प्रायॉरिटी कमी आकड्याची ठेवा आणि बाकीच्यांना शक्य तिथे स्लेव्ह-ओन्ली (फक्त वेळ घेणारं) करा. आणि एक निदान पाठ करून ठेवा: मशीनचं घड्याळ बरोबर ३७ सेकंद पुढे असेल तर ते टीएआय (लीप सेकंद न धरणारी अणुघड्याळांची वेळ) दाखवतंय, यूटीसीचा ऑफसेट लागू झालेला नाही. १८ सेकंद पुढे असेल तर जीपीएसची वेळ कच्चीच वापरली जातेय.

इथे आणखी दोन गोष्टी रोज लागतील: कॅप्शन (सीईए-६०८ आणि ७०८) आणि जाहिरातीच्या ब्रेकच्या खुणा (एसडीआयमध्ये एससीटीई-१०४, ट्रान्सपोर्ट स्ट्रीममध्ये ३५). दोन्ही चित्रात दिसत नाहीत, व्हँकमध्ये (एसडीआयमध्ये चित्राबाहेरची जागा) किंवा स्ट्रीममध्ये असतात. एखादा स्केलर किंवा फ्रेम सिंक त्या गुपचूप गाळतो. नवीन पेटी साखळीत घातली की आधी आणि नंतर दोन्हीकडे तपासा. स्ट्रीमसाठी टीएसडक (स्ट्रीम तपासायचा प्रोग्रॅम) चांगलं आहे.

तीन महिन्यांत एवढं करून बघा. मॅनेज्ड स्विच, दोन लॅपटॉप, एका बाजूला एफएफएमपेगने २३९ ने सुरू होणाऱ्या मल्टिकास्ट पत्त्यावर (एकाने पाठवायचं, अनेकांनी घ्यायचं) स्ट्रीम सोडा, दुसऱ्यावर व्हीएलसीत उघडा. यूडीपीच्या पेलोडमध्ये १८८ बाइटची ७ पॅकेट, म्हणजे १,३१६ बाइट दिसायला हवीत. आता स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (मागणाऱ्या पोर्टलाच स्ट्रीम देणं) चालू आणि क्वेरिअर (स्ट्रीम अजून हवा का ते ठराविक वेळाने विचारणारा) बंद करा. चित्र व्यवस्थित चालेल आणि चार-सव्वाचार मिनिटांनी जाईल, कारण मूळ सेटिंगमध्ये सदस्यत्व २६० सेकंदांनी संपतं आणि विचारणारं कोणी नसतं. क्वेरिअर चालू केलात की परत येऊन टिकेल. मग २३९.१.१.१ आणि २३९.१२९.१.१ हे दोन स्ट्रीम एकदम सोडा: दोन्हींचा मल्टिकास्ट मॅक (स्विच वापरतो तो हार्डवेअर पत्ता) एकच होतो, आणि मॅक पाहून पाठवणारा स्विच एकाच्या ग्राहकाला दुसराही पाठवतो. शेवटी मध्ये राउटर घाला. ऑपरेटिंग सिस्टिमचा मूळ मल्टिकास्ट टीटीएल (पॅकेट किती राउटर ओलांडू शकतं त्याची मर्यादा) १ असतो. एफएफएमपेगमध्येही मुद्दाम १ ठेवा, स्ट्रीम राउटरपाशी मरेल, मग वाढवून बघा. हे तिन्ही प्रकार वायरशार्कमध्ये पकडून फायली जपून ठेवा. त्या तुमच्या स्वतःच्या आहेत, बिनधास्त बरोबर आणा.