वॅक्स पाम पुण्यात येईल का?

प्रश्न: माझी नणंद मॉरिशसला असते, अगदी समुद्राजवळ बाग आहे तिची. आम्हाला दोघींनाही कोलंबियातला वॅक्स पाम लावायचाय, मी गच्चीत मोठ्या कुंडीत लावीन म्हणते. जमेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: ताई, स्पष्टच सांगते, दोघींनीही हा नाद सोडा. हा पाम अँडीज पर्वतात साधारण 2000 ते 3000 मीटरवर धुक्यात वाढतो, पामांमध्ये सगळ्यात उंच हाच, 50 मीटरच्याही वर जातो, कोलंबियाचं राष्ट्रीय झाड आहे ते, कुंडीत कसलं मावतंय! लोक दुपारच्या उन्हाला दोष देतात पण खरी अडचण रात्रीची असते. दिवसा तापलं तरी रात्री गारवा मिळाला की अशी डोंगरी झाडं सावरतात, समुद्राकाठी रात्रीही उकाडा हटत नाही, मग दिवसभर बनवलेली साखर श्वसनातच संपते आणि रोप हळूहळू खंगत जातं. वन्संना म्हणावं, क्युरपीपकडे कुणाची जागा असेल तर बघा, ते बेटाच्या मधल्या पठारावर आहे, त्यातल्या त्यात गार.

पुण्यात रात्री बऱ्या, पण एप्रिल-मे काढणं अवघड. हौसच असेल तर मेघालयातल्या खासी टेकड्यांमधला ट्रॅकिकार्पस मार्टियानस हा पाम ट्राय करा, सकाळचं ऊन, दुपारी शेडनेट, बुंध्याशी पालापाचोळा, आणि काळी प्लॅस्टिकची कुंडी अजिबात नको, मुळं शिजतात. नाहीतर जमिनीत जागा असेल तर आपला सह्याद्रीतला भेरली माड आहेच की! फक्त त्याच्या फळांना हात लावू नका, भयंकर खाज सुटते.