गाडीत नवे साडेसहा इंची कॉम्पोनंट स्पीकर बसवलेत, डिकीत सब आहे. क्रॉसओव्हर कितीवर ठेवू? दुकानदार म्हणतो, फुलवरच राहू द्या, नाहीतर बेस मरेल.

तुमच्या दुकानदाराचं वाक्य वाचलं आणि डोकं फिरलं. हेच मी आमच्या भाऊजींच्या तोंडून कित्येक वर्षं ऐकतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

आधी आकडे घ्या. क्रॉसओव्हर म्हणजे सीमा: तिच्याखालचं डिकीतल्या सबनं (फक्त बेसचा मोठा स्पीकर) वाजवायचं, वरचं दारांनी. दारातल्या स्पीकरना हाय-पास (खालचं कापणारा फिल्टर) ८० हर्ट्झ, सबला लो-पास (वरचं कापणारा) ८० हर्ट्झ, आणि उतार, म्हणजे किती झपाट्यानं कापायचं ते, निवडता येत असेल तर दोन्हीकडे २४ डीबी. ही सुरुवात. पुढचं कानानं ठरवायचं.

आता भाऊजी. त्यांनी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर काम करून घेतलं. वायरिंग झकास, पण दारांचे फिल्टर बंद, म्हणजे तुमच्या दुकानदाराचं 'फुल'. का, तर 'साडेसहा इंचीचे पैसे मोजलेत, मग त्यांचा बेस कशाला कापायचा?' जावईमाणूस, त्यातून वयानं मोठे, आमच्याकडे त्यांना उलट कोणी बोलत नाही. मी बोललो. गणपतीला भांडुपला आले होते, आरती आटोपल्यावर त्यांना घेऊन खाली पार्किंगमध्ये गेलो आणि आवाज चढवला. ढोल सुरू झाला की ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराचं प्लास्टिक फरफरायचं, खालच्या कप्प्यातलं रुपयाचं नाणं तडतडायचं, आणि गाणाऱ्या बाईचा आवाज प्रत्येक ठोक्याला चिरकायचा. भाऊजींच्या मते हा दणका.

जाळीतून मोबाइलचा टॉर्च मारून त्यांना स्पीकरचा कोन, म्हणजे हलणारा पडदा, दाखवला. नुसता उड्या मारत होता. कारण सरळ आहे: तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनला चौपट हलावं लागतं. ८० हर्ट्झला जो दोन मिलिमीटर हलतो, त्याला ४० ला आठ लागतात. बहुतेक साडेसहा इंचीत एवढी जागाच नसते. मग तो खालचंही नीट वाजवत नाही आणि वरचंही बिघडवतो.

८० ला कापलं. नाणं गप्प, बाई स्वच्छ. भाऊजी म्हणाले, 'पातळ झालं रे.' झालं होतंच, पण त्यात फिल्टरचा दोष नव्हता. सब आणि दारं ८० च्या आसपास एकमेकांच्या विरुद्ध ढकलत होती. सबचा फेज (कोन आधी पुढे ढकलायचा की मागे, ते बटण) ० वरून १८० केला आणि ढोल एकदम भरला. यावर भाऊजी काय म्हणावेत? 'बघ, म्हणजे मघाशी तूच कमी केला होतास.' तेवढ्यात ताईनं वरून जेवायला हाक मारली. रात्री घरी जाताना वाटेतच त्यांनी सगळं परत फुल केलं. पुढे डाव्या दारातून कॉइल जळाल्याचा वास आला, तेव्हा शिव्या खाल्ल्या स्पीकर बनवणाऱ्यानं.

म्हणून तुम्ही फेज दोन्हीकडे करून ऐकाच. जिकडे ढोल भरीव लागेल ते ठेवा. १२ डीबीच्या उताराला तर हे सक्तीचं समजा, तिथे एकाच आकड्यावर कापलेले सब आणि दार उलट्या फेजमध्ये जातात. २४ ला कागदावर सरळ जुळतं, पण सब डिकीत आणि तुम्ही पुढे, त्यामुळे गाडीत कागद फार उपयोगाचा नाही.

फिल्टर एकाच ठिकाणी लावा. हेड युनिटमध्ये (डॅशबोर्डवरचा स्टिरिओ) ८० केलंत तर अ‍ॅम्पवरचा (वेगळा अ‍ॅम्प्लिफायर) फिल्टर बंद करा (हे फुल चालतं, भाऊजी). दोन्ही लावलेत तर ८० ला दुप्पट कापलं जातं आणि मध्ये खड्डा पडतो. अ‍ॅम्पच्या गोल बटणाभोवती छापलेले आकडे तसेही अंदाजपंचेच असतात.

ट्विटरच्या (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) नादी लागू नका, सेटबरोबर आलेल्या डबीत तो आधीच कापलेला असतो. टोचत असेल तर डबीत -३ डीबीची सोय आहे का बघा. बेस बूस्ट शून्यावर, यावर मला चर्चा नको.

सब बंद पडला किंवा काढलात तर ८० फार होईल, ६० च्या आसपास आणा. आणि पार्किंगमध्ये बरोबर वाटणारा सब हायवेवर कमी वाटतो, कारण टायरचा आवाज नेमका खालचा भाग गिळतो. तेवढ्यासाठी सबची लेव्हल थोडी वाढवा, क्रॉसओव्हरला हात नको.

हो, हे सगळं दारांना अ‍ॅम्प आहे असं धरून. दारं थेट हेड युनिटवर असतील तर खोक्यावर ४ गुणिले ५० वॉट छापलेलं असलं तरी सलग मिळतात ते वीसेक वॉट. मग १०० ला कापा, आवाज फाटायच्या आधी बराच चढेल. भाऊजींचे बदललेले स्पीकरही थेट हेड युनिटवरच आहेत. फुल.