आधी किक आणि बेस यांचे भांडण मिटवा

तुम्ही संगणकावर बनवून मत विचारायला पाठवलेला नाचाचा ट्रॅक ऐकला. चाल चांगली आहे; मात्र किक (ड्रमचा जड ठोका) आणि बेस (खालच्या पट्टीतले सूर) आवाजाच्या एकाच खालच्या पट्ट्यातील जागेसाठी भांडत असल्यामुळे दोन्ही दबले आहेत. किकचा मुख्य जोर साधारण ५० ते ६० हर्ट्झवर ठेवून बेसवर साइडचेन कॉम्प्रेशन लावा, म्हणजे किक वाजताच बेस क्षणभर खाली जाईल आणि लगेच वर येईल.

तयार सॅम्पल (आधीच रेकॉर्ड केलेले आवाजाचे तुकडे) सगळ्यांकडे सारखेच असतात. आपल्याकडे भजनी मंडळाची खंजिरी आहे, पोळ्याला बैलांच्या गळ्यातील घुंगरमाळा आहेत. मी खंजिरी मोबाईलवरच, पण रात्री पंखा बंद करून रेकॉर्ड केली, २०० हर्ट्झखालचा भाग कापला आणि हाय-हॅटच्या (ड्रमसेटमधील चिकचिक वाजणाऱ्या चकत्यांच्या जोडीच्या) जागी बसवली. खंजिरीच्या झांजांची किणकिण तिथे फार शोभते.

१२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ ठोके) चार-चार ठोक्यांचे आठ बार बरोबर १५ सेकंदांत संपतात. तेवढ्याच तुकड्यात अडकून महिना घालवू नका (मी घालवला आहे); तो तुकडा पूर्ण लांबीवर पसरा, मग नको ते काढत जा.

मास्टरवर (सगळे आवाज एकत्र येतात त्या शेवटच्या चॅनलवर) कमाल पातळीखाली सहा डेसिबलची मोकळी जागा राहू द्या. वरातीच्या डीजेवर वाजवायचे असेल तर मिक्स मोनोमध्ये तपासणे आवश्यक आहे, कारण तिथे डावे-उजवे आवाज अनेकदा एकत्र केलेले असतात आणि हेडफोनवर रुंद वाटणारा सिंथ (इलेक्ट्रॉनिक वाद्याचा आवाज) अचानक गायब होतो. भारनियमनाने माझे दोन ट्रॅक बुडाले आहेत. ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर ठेवा.